धुवायला दोन हात लागतात

हॉस्पिटलमध्ये मला भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "डावी बाजू गेली, उजवी वाचली. नशीब समजा." सोसायटीतले म्हणाले, ऑफिसातले म्हणाले, माझे मेहुणे म्हणाले. डॉक्टरही साधारण तेच म्हणाले, फक्त त्यांनी नशीब हा शब्द वापरला नाही. सही करता येणार होती, जेवता येणार होतं, देवाला फूल वाहता येणार होतं. मीही मान हलवत होतो. डाव्या हाताकडे माणसाचं रोजचं कोणतं काम असतं, हे कुणी बोललं नाही. ते काम चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतंच.

ते बोललं जावं म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात पक्षाघाताचा पेशंट आहे त्यांना गोळ्या डॉक्टर सांगतील, व्यायाम शिकवायला बाई येईल. संडासाबद्दल कुणी सांगणार नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही हात वर करा

मी न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होतो. परदेशातून कंटेनरमध्ये आलेला माल कस्टममधून सोडवायचा आणि गिऱ्हाइकाच्या गोडाऊनकडे रवाना करायचा, हे आमचं काम. सकाळची वेळ होती. उजव्या हातात कागद, डाव्यात चहाचा ग्लास. ग्लास सुटला आणि मांडीवर चहा सांडला. गरम लागला नाही.

"सुधाभाऊ, च्या सांडला की!" समोरच्या टेबलावरचा कदम म्हणाला. कदम सातारकडचा, वर्षानुवर्षं माझ्यासोबत काम करणारा, आवाजाने मोठा.

"पुसतो" असं मला म्हणायचं होतं. तोंडातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून कदम आधी हसला आणि मग उठून उभा राहिला. "बोलू नका. तोंड वाकडं झालंय तुमचं." त्याने मला जवळजवळ उचलूनच मालकांच्या जीपमध्ये घातलं. वाटेत ट्रेलरची रांग लागलेली. तो उतरून एकेका ड्रायव्हरला शिव्या घालत रस्ता काढत होता आणि मी उजव्या हाताने डावी मांडी चिमटत होतो. दुसऱ्या कुणाला तरी चिमटे काढावेत तसं ते वाटत होतं, तरी हात थांबत नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "दोन्ही हात वर करा." मी केले. बरं वाटलं, म्हटलं, होतंय की सगळं नीट. तेवढ्यात सुनंदा, माझी बायको, दारातून आत आली आणि तिथेच थांबली. तिचा चेहरा पाहून मी वर बघितलं. एकच हात वर होता. दुसरा चादरीवर पडलेला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

माझ्यासाठी निदान झालं ते त्या क्षणी. कागदावरचं नाव नंतर कळलं.

पडदा

वॉर्डातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे वॉर्डबॉय पॉट घेऊन यायचा, पाणी मारायचा, पुसायचा, पुढच्या कॉटकडे जायचा. बोलायचा नाही, बघायचा नाही. पहिल्या दिवशी मी रडलो. नंतर सवय झाली, कारण तिथे आम्ही सगळेच तसे होतो. शेजारच्या कॉटवर एक म्हातारे मास्तर होते. मधला पडदा अर्धा फाटलेला होता. पॉट आला की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि काम संपेपर्यंत कूस बदलायचे नाहीत. त्यांच्या कमरेला केवढं दुखणं होतं ते मला माहीत होतं. मीही त्यांच्यासाठी तसंच करायला लागलो. आम्ही याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

अंगात जरा बळ आलं, पाय फरफटत का होईना पडायला लागला, आणि चार पायांची काठी देऊन मला घरी पाठवलं.

घर

नेरूळला आमचं पहिल्या मजल्यावर वन बीएचके घर. मी, सुनंदा, अकरावीतली मुलगी मनीषा आणि आई. मी हॉस्पिटलात असताना सुनंदाने जुना भारतीय पद्धतीचा संडास फोडून कमोड बसवून घेतला होता. भिंतीला उजव्या बाजूला धरायला दांडी. मला हे सगळं तिने कौतुकाने दाखवलं.

आई सत्तरी ओलांडलेली. कोकणातून आमच्याकडे आली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण असल्या गोष्टीवर ती जन्मात बसली नव्हती. "खुर्चीवर बसून कसं व्हायचं गो?" ती सुनंदाला म्हणाली. एक-दोन दिवस प्रयत्न केला आणि मग रोज सकाळी ती समोरच्या बिऱ्हाडात जायला लागली. पदराखाली तांब्या झाकून. जणू तो झाकल्याने कुणाला कळणार नव्हतं. दार उघडल्याचा आवाज आला की मी झोपेचं सोंग घ्यायचो. या वयात माझ्यामुळे आईला लोकांच्या दारात जावं लागतंय, हे तेवढा वेळ तरी मला बघायचं नव्हतं.

आणि माझं? धडधाकट माणूस हे कधी मोजत नाही, पण धुवायला दोन हात लागतात. उजव्याने पाणी ओतायचं, डाव्याने धुवायचं. माझा एकच हात चालत होता आणि तोही दांडीला, नाहीतर तोल जायचा. दांडी सोडून उजव्याने धुवायचं म्हटलं तर पाणी कोण ओतणार? आणि त्याच हाताने मग भात कालवायचा? हे मनात यायचं आणि उचललेला घास मी ताटात परत ठेवायचो.

म्हणून सुनंदा धुवायची. एक्स्चेंजमधून रजा घेऊन ती घरी होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. ती भिंतीच्या टाइल्सकडे बघत धुवायची, पटकन, नीट. "झालं. उठा." मी म्हणायचो, "सॉरी."

एक दिवस तिने तांब्या जरा जोरातच खाली ठेवला. "रोज सॉरी म्हणू नका हो. धुवायचंही मीच, आणि वर तुमची समजूतही मीच काढायची?"

त्यानंतर मी मनातल्या मनात म्हणायला लागलो.

मध्यंतरी तिने वाशीहून कागदाचा रोल आणला. आईने तो संडासात पाहिला आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलं तुला. सरस्वती म्हणून. आणि आता..." मी तरीही एकदा वापरून पाहिला. दिवसभर खुर्चीच्या कडेवर बसून राहिलो, पाठ टेकवेना. पाण्याशिवाय स्वच्छ, हे आमच्या डोक्यात बसणारंच नव्हतं. त्या दिवशी मी वर्तमानपत्रही मागितलं नाही.

कावळे

एका दुपारी सुनंदा रेशनच्या रांगेत गेली होती आणि आई गुडघ्याला शेक घेत आतल्या खोलीत झोपली होती. मला थांबवेना. काठी टेकत गेलो, बसलो, झालं. आणि मग कळलं की धुवायला कुणी नाही, आता उठता येणार नाही.

बाहेरून मनीषाचा आवाज आला. ती कॉलेजहून आली होती. "बाबा? बराच वेळ झाला. मी येऊ का?"

"खबरदार!" मी ओरडलो. इतक्या जोरात की माझाच तोल गेला.

ती गेली नाही. दाराबाहेर खाली बसली असावी, कारण आवाज खालून येत होता. "मग मी इथेच बसते," ती म्हणाली. थोड्या वेळाने: "बाबा, मी तुमची मुलगी आहे ना?" मी दांडी धरून बसून राहिलो. पाय बधिर झाले. सुनंदा आली तेव्हा मनीषा दारातच तिला म्हणाली, "आई, बाबांनी मला हाकललं." माझ्यावर ती चिडलेली नव्हती. दुखावलेली होती, आणि ते जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी जेवण तोडलं. आत कमी गेलं की बाहेर कमी, एवढाच हिशोब. एक पोळी खायची, दुसरी मांडीवरच्या टॉवेलखाली सरकवायची आणि कुणी नसताना खिडकीत ठेवायची. पाणीही घोटभर. "भूक नाही," असं सांगायचो. सगळ्यांना पटायचं, आजारी माणसाला भूक नसतेच. फक्त व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना पटेना. "काका, पायात जोर येत होता, तो परत का जातोय? तुम्ही जेवता ना?" जेवतो, म्हटलं.

एक दिवस आई खिडकीशी उभी राहिली. "सुधा, आपल्याच खिडकीत एवढे कावळे कशाला येतात रे? पितर काय मागतायत तरी काय?"

सुनंदाने खिडकीबाहेर हात घातला. अर्धी पोळी घेऊन ती माझ्यासमोर आली. तिला काही विचारावं लागलं नाही, मला काही सांगावं लागलं नाही.

"उपाशी राहून मला सुट्टी देताय?" ती म्हणाली. "माझी रजा संपत आली. पुढच्या महिन्यात जॉइन झाले नाही तर बिनपगारी, आणि ती तरी किती दिवस देतील? मी राजीनामा देते. सांगून टाका तसं. पण हे असलं करू नका."

"माणूस ठेवू."

"ठेवू? हॉस्पिटलातला वॉर्डबॉय चालला. घरात एक माणूस बघायला आला तर तुम्ही दार लावून घेतलंत."

खरं होतं. आई मध्ये पडली. "मी धुवीन. जन्म दिलाय त्याला." पण आईला मला धरून उभं करणं शक्य नव्हतं, आणि मी तिला ते करूही दिलं नसतं. सुनंदाला ती नोकरी लग्नाआधी मिळाली होती. एक्स्चेंजच्या हॉलमधल्या बायकांबद्दल बोलताना ती वेगळीच दिसायची. ती नोकरी आता माझ्या एका हातावर येऊन थांबली होती. मी उठून घरातल्या घरात फेऱ्या मारू लागलो. बसलं की वाटे उठावं, उठलं की पाय ओढे.

कदमची युक्ती

त्याच आठवड्यात कदम आला. "काय सुधाभाऊ, वाळलात की वो! वहिनी जेवायला घालत न्हाईत व्हय?"

"घालते ना," सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "ते कावळ्यांना घालतात." आणि बाहेर येऊन तिने त्याला सगळं सांगितलं. माझ्यासमोर, माझ्या आईसमोर. मी टीपॉयकडे बघत बसलो.

कदम हसला नाही. त्याने हवेत एका हाताने तांब्या धरला, ओतला, आणि त्याच हाताने पुढचं करायला गेला. दोनदा करून पाहिलं. आईने पदर तोंडाला लावून मान फिरवली. "आयला, खरंच की," तो म्हणाला. "एक वतायला, एक धुवायला. कधी इचारच केला न्हाई." मग एकदम मांडीवर थाप मारली. "सुधाभाऊ, ते बिडे बिडे म्हणून आपण कागदावर लिहितो, ते काय असतं माहीत हाय का?"

मला माहीत होतं. हॉटेलांसाठी सॅनिटरीचा माल यायचा त्यात कमोड, बेसिन आणि बिडे असायचे. "पाय धुवायचं भांडं," मी म्हणालो.

"मलाबी तेच वाटायचं. गोडाऊनमध्ये इचारलं एकदा. पाय न्हवं! त्यावर बसायचं. खालनं पाण्याचं कारंजं. हात लावायचं कामच न्हाई."

"शी!" आई म्हणाली. "फवाऱ्यावर बसायचं?"

"मावशी, सायबाचं पोर बसतंय, मग सुधाभाऊनं काय पाप केलंय?"

पुढच्या रविवारी कदम टेम्पोतून एक बिडे घेऊन आला. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून बघायला म्हणून आणलेला. पांढराशुभ्र, गुडघ्याएवढा. संडासात तो ठेवला की दार लागेना आणि दार लावलं की माणूस मावेना. जिन्यातली मुलं जमा झाली. एका मुलीने माझ्या आईला विचारलं, "आजी, यात मासे ठेवणार का?" कदमने तो परत नेला. संध्याकाळी आला तो एक वेगळीच वस्तू घेऊन. कमोडच्या सीटखाली बसवायची एक वाकडी नळी, टोकाला बारीक भोकं, बाजूला फिरवायचा कॉक. व्यापाऱ्याने सांगितलं होतं की हाही बिडेच, गरिबांचा.

प्लंबर आला. दुपारभर ठोकाठोक चालली. काम झाल्यावर त्याने आम्हाला बोलावलं. कॉक डाव्या बाजूला होता.

"डावीकडे का लावलास?" सुनंदाने विचारलं.

"ताई, हे काम डाव्या हाताचं ना? म्हणून मुद्दाम तिकडनं लाइन घेतली. एक्स्ट्रा मेहनत झाली."

आम्ही सगळे माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागलो. शर्टाच्या बाहीतून तो खाली लोंबत होता. पहिल्यांदा आई हसली. मग सुनंदा. मग मनीषा भिंतीला टेकून खाली बसली. मला हसू येत होतं की काय होत होतं ते कळेना, पण तोंड माझं अजून थोडं वाकडंच होतं, त्यामुळे ते हसू म्हणून खपलं. बिचाऱ्या प्लंबरने सगळं परत काढून उजवीकडे लावलं.

पहिल्यांदा

रात्री मी दोन पोळ्या आणि भात जेवलो. सकाळी आत गेलो. दार लोटलं, कडी लावली नाही. बाहेर सुनंदा, आई आणि मनीषा उभ्या होत्या. निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभं राहतात तसं.

काम झालं. उजवा खांदा भिंतीला टेकवून दांडी सोडली. कॉकला हात लावला आणि पूर्ण फिरवला.

पाण्याची टाकी चौथ्या मजल्याच्या वर, आम्ही पहिल्यावर. केवढा जोर असेल याचा विचार ना मी केला होता ना प्लंबरने. मी दचकून पुढे सरकलो. मग पाणी पाठीवरून मानेपर्यंत गेलं आणि मागच्या भिंतीवर आदळलं. मी ओरडलो.

"काय झालं रे?" आई बाहेरून.

"थंड आहे!"

"पडलात का?" सुनंदा.

"नाही! येऊ नका!"

कॉक हळूहळू मागे फिरवला. पाणी खाली आलं, मऊ झालं. मी तसाच बसून राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या जागी दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. पण सुटका वाटली का? नाही. नवीनच शंका सुरू झाली. हात न लावता आपण स्वच्छ झालो हे कळायचं कसं? अजून थोडं पाणी. अजून थोडं. शेवटी मी सुनंदाला हाक मारली. ती आली, पाहिलं. "स्वच्छ आहे. केव्हाच झालंय." पुढचे काही दिवस रोज तिने तेवढंच केलं: फक्त बघायचं आणि सांगायचं. हळूहळू मला पाण्याच्या आवाजावरून, वेळेवरून अंदाज यायला लागला. शंका आली तर उजव्या हाताला साबण लावायचा आणि खात्री करून घ्यायची. नंतर तोच हात धुऊन जेवायलाही लागलो. आईने ते पाहिलं आणि ताटात आणखी भात वाढला. माझ्या सगळ्या पायजम्यांच्या नाड्या काढून तिने इलॅस्टिक घातलं, कारण नाडी बांधायलाही दोन हात लागतात.

ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कॉक चालत्या हाताच्या बाजूला लावून घ्या, आणि पहिल्यांदा अगदी कणभर उघडा. आणि पेशंट जेवत नसेल तर त्याला भूक का नाही हे विचारण्याआधी त्याला कोण धुतं हे विचारा.

फोन

सुनंदाची रजा संपली. ती सकाळी तयार होऊन निघाली तेव्हा मी अजून संडासला गेलो नव्हतो आणि मी तिला तसं सांगितलं नाही. मनीषा कॉलेजला गेली. आई देवापाशी बसली होती. मी घरात फेऱ्या मारत राहिलो. टाकीचं पाणी संपलं तर, कॉक अडकला तर, पाय घसरला तर. शेवटी गेलो. कडी लावली. ती कडी पहिल्यांदाच लावली होती.

बाहेर आलो, हात धुतला आणि फोनपाशी येऊन बसलो. एक्स्चेंजचा नंबर फिरवला. पलीकडे बायकांच्या आवाजांचा कल्लोळ, मग सुनंदा.

"मी बोलतोय. झालं."

"एकट्याने?"

"एकट्याने. कडी लावून."

"सुटले बाई एकदाची!"

हे तिच्या तोंडून अगदी झटकन निघालं. मला आधी राग आला. मग आठवलं की इतक्या दिवसांत सॉरी म्हणायची सोय मला होती. तिला काही म्हणायची सोयच नव्हती. किळस आली असेल, कंटाळा आला असेल, संताप आला असेल, आणि ती टाइल्सकडे बघत राहिली.

"अहो, म्हणजे तसं नाही," ती घाईघाईने म्हणाली. "मला म्हणायचं होतं..."

"तसंच आहे," मी म्हणालो. "परत म्हण."

पलीकडे हॉलमधला गोंगाट चालूच होता. ती रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरत असावी, कारण आवाज एकदम जवळ आला.

"सुटले," ती हळूच म्हणाली. मग एक खोल श्वास, आणि मग तिचा नेहमीचा कामाचा आवाज: "ठेवा आता. लाइनवर लोक थांबलेत."